रेषेपुढचं पाऊल

"बहीण-भाऊ एका बाजूला!" ग्लेनने जाहीर केलं आणि घोड्याचे दोन जुने नाल कालाफीच्या हातात कोंबले. "मी आणि सिनी दुसऱ्या बाजूला. समोरच्या खुंट्यात नाल अडकवायचा, बस्स. आमची आजीसुद्धा खेळायची."

कालाफीने बायकोकडे, सिनीकडे पाहिलं. ती टेबलावर अळूच्या पानांत शिजवलेलं मांस सोडत होती आणि गालातल्या गालात हसत होती. फानेकडे मात्र त्याने पाहिलं नाही. थोरल्या बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नसतं, तिच्यासमोर फिदीफिदी हसायचं नसतं, ती बसली असेल त्या खोलीत पाय पसरायचे नसतात. खेळायचं तर नावच काढू नका. तोंगा बेटं सोडून अमेरिकेत, युटाला आला, इथे केस पिकले, तरी हे काही सुटलं नव्हतं. सुटावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

आज वाटत होतं. नवरा गेल्यापासून फानेचं इथे मन रमेना, आणि उद्याच्या विमानाने ती कायमची बेटावर परत निघाली होती.

"मी नुसता बघतो," तो म्हणाला.

ग्लेनने त्याला बाजूला ओढलं. "हे बघ, शेजारी म्हणून सांगतो, राग मानू नकोस. इतकी वर्षं बघतोय, तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नाही. भांडण काय असेल ते असो. उद्या ती चालली. आज मिटवून टाक."

"भांडण?" सिनीला हसू आवरेना. "अहो, हिने नुसती मान हलवली तर हा घर विकून येईल!"

"मग बोलत का नाही?"

याला काय सांगणार, कपाळ! मान राखायचा म्हणून बोलत नाही, हे त्या भल्या माणसाच्या गळी कोण उतरवणार?

तेवढ्यात फाने खुर्चीतून उठली. भावाकडे न बघता तिने भावजयीला सांगितलं, "सिनी, कालाफीला म्हणावं, पलीकडच्या खुंट्यापाशी उभा राहा. जोडीदार समोरासमोरच्या टोकांना असतात ना? मग झालं तर. जवळ यायचा प्रश्नच नाही."

बहिणीचा शब्द मोडायची सोय नव्हती. तो निमूट पलीकडे झाडाच्या सावलीत गेला, ग्लेनच्या शेजारी. मध्ये सगळी हिरवळ पसरलेली.

कालाफीचे दोन्ही नाल खुंट्याच्या बरेच अलीकडे पडले. "अरे, जेवला नाहीस का?" सिनी समोरून ओरडली. मग तिचे स्वतःचे नाल कुंपणाला जाऊन धडकले.

फानेची पाळी आली. तिने नाल उचलला, हातात तोलला आणि हळूच एक पाऊल रेषेच्या पुढे टाकलं. ग्लेनने गवतात पांढरी दोरी ताणून आखलेली रेष. ग्लेनला काही दिसलं नाही. कालाफीला दिसलं.

लहानपणी गावच्या वाळूत काठी रोवून दोघं करवंट्या फेकायचे, तेव्हा ती अश्शीच करायची. दर वेळी. आणि तो बोंब ठोकायचा, "ताई, रेष! रडी कुठली!" मग एक दिवस त्याचं अंथरूण उचलून वयात आलेल्या मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत नेलं, आणि ताईबरोबरचा खेळ संपला. "मोठा झालास आता," एवढंच आई म्हणाली. त्याला मोठं व्हायचं नव्हतं.

फानेचा नाल गवतात घरंगळला. तिने दुसरा उचलला. आता तर ती रेषेच्या चांगली पुढे आली आणि थांबली. टाकेचना. नाल मुठीत घट्ट धरून, खाली मान घालून उभी राहिली.

"टाका की!" ग्लेन म्हणाला.

"अगं बाई, काय झालं?" सिनीने विचारलं. फाने हलली नाही.

ती कशाची वाट बघतेय ते कालाफीला कळलं. असं बोलणं शोभत नव्हतं. आई असती तर कान उपटले असते. पण उद्या विमानतळावर तो मागच्या गाडीतून जाणार, लांबूनच मान झुकवणार, आणि संपलं. मग कुणाला ओरडणार?

"ताई!" त्याचा आवाज चिरकला. "रेष! रडी कुठली!"

सिनीने तोंडावर हात ठेवला.

फानेने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, इतक्या लांबून कळेना. मग ती मागे सरली, रेषेच्या आत गेली आणि तिने नाल टाकला. खुंटा राहिला बाजूला, नाल सरळ कालाफीच्या पायाशी येऊन पडला.

"शून्य!" ग्लेनने टाळी वाजवली. "चल, आता आपली पाळी. टाक."

कालाफीने नाल उचलला. तिने इतका वेळ मुठीत धरलेली बाजू अजून कोमट होती.

"अरे, टाक ना!"

"थांब जरा," कालाफी म्हणाला, आणि तेवढीच बाजू त्याने दोन्ही हातांत झाकून धरली.