सुट्टे

बेटावर मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे कार्डाचं मशीन कुणाकडेच चालत नव्हतं. माझ्या नवऱ्याला हे उतरल्या उतरल्या कळलं आणि त्याला ऊतच आला. मक्याची दोन कणसं दाण्यान् दाणा ओरबाडून खाल्ल्यावर त्याने विकणाऱ्या म्हातारीसमोर कार्ड नाचवलं. "कार्ड घ्या की आजी! सुट्टीवर आलोय, सुट्टे कुठून आणणार?" आणि स्वतःच खो-खो हसला. म्हातारी पडेल आवाजात म्हणाली, "राहू द्या." छत्रीवाल्याला तोच विनोद, संडास धुणाऱ्या बाईलाही तोच. मी पर्स उघडायला गेले की माझं मनगट दाबायचा. नोटांची गुंडाळी त्याच्या डाव्या मोज्यात होती. सकाळी कोंबताना मी पाहिली होती. दिवसभर ती तिथे घामात शिजत होती, आणि हा दात कोरत म्हणत होता, "बघ, सगळं फुकटात पडलं!"

परतीच्या होडीत तीच म्हातारी रिकामी टोपली घेऊन बसली होती. होडीवाल्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "रोख द्या, नाहीतर उतरा."

"दे गं तुझ्याकडचे," नवरा माझ्या कानात पुटपुटला. "आता हिच्यासमोर मोजा काढू का?"

मी पर्स उघडली. आधी म्हातारीच्या हातात कणसांचे पैसे ठेवले, मग होडीवाल्यापुढे नोट धरली.

"दोघांचं एकत्र ना?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "यापुढे सुट्टं."