खुंट्यांची सापशिडी

हरायला लागली की भिंगरी सापशिडीचा पट उधळायची, म्हणून मुलं तिच्याकडे खेळायला यायचीच बंद झाली. “ती मुद्दाम नाही करत, बाबा. तिला एडीएचडी आहे. डॉक्टर म्हणाले, राग आला की तिचा ब्रेक उशिरा लागतो,” आईने आजोबांना सांगितलं. आजोबांचा जन्म सुतारकामात गेलेला. “मग पट बदलू. लाकूड माझं ऐकतं,” ते म्हणाले. आठवडाभर खपून त्यांनी फळीवर सापशिडी रंगवली, शंभर घरांना शंभर भोकं पाडली आणि सोंगट्यांना घट्ट बसतील अशा खुंट्या लावल्या. रविवारी खालच्या मजल्यावरची मैत्रीण बिचकतच आली. अठ्ठ्याण्णववरच्या सापाने भिंगरीला थेट अठ्ठावीसवर आणलं आणि फळी धाडकन उलटी पडली. भिंगरी कानांवर हात दाबून कोपऱ्यात जाऊन बसली. मैत्रीण चपला घालायला उठली; जाता जाता तिने फळी तेवढी सुलटी केली. दोन्ही सोंगट्या जागच्या जागी होत्या. “अगं, डाव मोडलाच नाहीये,” ती म्हणाली. “फासा कुठे गेला पण?” भिंगरीने कानांवरचे हात काढले. थोड्या वेळाने दोघी कपाटासमोर पालथ्या पडून खालच्या फटीत हात घालत होत्या. “सॉरी,” भिंगरी कपाटाखाली बघतच पुटपुटली. “बरं, सरक जरा, मला दिसत नाहीये.” फासा उडणार हे आजोबांनी आधीच ताडलं होतं. खिशातला दुसरा फासा त्यांनी मुठीत गच्च धरून ठेवला.