लाल ठिपक्याचा मायक्रोस्कोप

तिसऱ्या मायक्रोस्कोपच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. अध्यक्षबाईंचा हात तिथेच थांबला. तो ठिपका त्यांनीच लावला होता, पंचविशीत असताना, याच लॅबमध्ये. सगळ्यांत हा एकच धड चालायचा, म्हणून खूण केलेली.

"सगळे आपलेच आहेत, मॅडम," शेजारी उभे असलेले प्राचार्य म्हणाले. "पोरं दिवसभर यांना चिकटलेली असतात."

"छान," बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

प्राचार्य तेव्हाचाच, म्हातारा होता तसाच होता, केस तेवढे काळे केलेले. त्याने बाईंना ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? तेव्हा त्या नुकत्याच लागलेल्या, माहेरच्या आडनावाच्या शिक्षिका होत्या. आता कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या त्या प्रमुख, आणि तपासणीचे निम्मे नियम त्यांनीच लिहिलेले. त्यांची गाडी फाटकात शिरली की भल्याभल्यांची धावपळ उडायची. पाठीमागे सगळे त्यांना 'चाळण' म्हणत.

तेव्हाही हे मायक्रोस्कोप असेच यायचे. तपासणी जवळ आली की प्राचार्यांच्या मेव्हण्याच्या कॉलेजातून टेम्पोत बसून यायचे आणि समितीची पाठ वळली की परत जायचे. वर्षभर मुलं फळ्यावरच्या चित्रातल्या पेशी पाहायची. तरुण बाईंना ते सहन झालं नाही. समितीतल्या एका भल्या दिसणाऱ्या गृहस्थांना त्यांनी सगळं सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्या गृहस्थांनी चहाच्या टेबलावर हसत हसत ते प्राचार्यांच्या कानावर घातलं.

"समितीला दिसतं तेच खरं, बाई," प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले होते. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी एका मायक्रोस्कोपचं भिंग चोरल्याचा आळ बाईंवर घेतला, नोकरीवरून काढलं, आणि शहरातल्या एकूण एक कॉलेजात ते कळेल अशी व्यवस्था केली. बाईंचे वडील त्याच शहरात शाळामास्तर होते. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. लेक चोर नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण गेले ते मान खाली घालूनच. बाईंनी हे कधी माफ केलं नाही. करायचंही नव्हतं.

"मॅडम," समितीतले तरुण प्राध्यापक कुजबुजले, "टेबलावरची धूळ बघा. मायक्रोस्कोप उचलला की खाली सगळी धूळच. हे कालच आणून ठेवलेत. उघड उघड उसने आहेत."

"मला दिसतंय."

"मग लिहूया ना."

"लिहून काय होईल? त्यांचे वकील येतील, पावत्या आणतील, मायक्रोस्कोप आमचेच म्हणतील. तुम्ही चहा घ्या."

प्राध्यापकांनी चहा घेतला, पण तो त्यांना गोड लागला नाही. चाळणीला भोक पडलं की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

दुपारी सभागृहात बाईंनी निकाल सांगितला. "आज इथे आम्हाला जे दिसलं, ते पहिल्या श्रेणीचं आहे." टाळ्या कडाडल्या. प्राचार्यांनी मागच्या रांगेतल्या शिपायाला डोळ्यांनीच खुणावलं. बाईंनी ते पाहिलं. घाई होणारच होती. उद्या तपासणी मेव्हण्याच्या कॉलेजात होती. दोन्ही तारखा बाईंनीच ठरवलेल्या होत्या.

प्राचार्यांच्या खोलीत निरोपाचा चहा आला. बाई सावकाश पीत बसल्या. खिडकीतून मागचं आवार दिसत होतं. खोकी भरली गेली, ताडपत्री ओढली गेली, टेम्पो निघून गेला. मग बाईंनी फोन लावला, "या आता," एवढंच म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

"ओळखलं नाहीत, सर?"

"आपल्याला कोण ओळखत नाही, मॅडम?"

"भिंग चोरणारी ती मीच."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. पण माणूस मुरलेला. क्षणात हसू आणून ते म्हणाले, "झालं गेलं विसरा. आपण आम्हाला पहिली श्रेणी दिलीत, याहून मोठं मन ते कोणतं?"

"मन मोठं नाही हो माझं. नियम सांगते. ज्या कॉलेजात पूर्वी नोकरी केली, तिथे तपासणीला जायचं नाही. गेल्याचं कळलं तर जाणाऱ्याचं पद जातं आणि तपासणी रद्द होते. सकाळी निघतानाच मी परिषदेत तसं पत्र ठेवून आले, निकालानंतर उघडायचं म्हणून. राजीनामाही त्यातच आहे."

प्राचार्य उभे राहिले. "म्हणजे श्रेणी रद्द?"

"रद्द. आता नव्याने तपासणी, त्याच दिवशी आणि न कळवता. उद्या तुमच्या मेव्हण्यांकडे जायची समिती शहरात आलेलीच आहे. ती आधी इकडे येते आहे."

फाटकात गाडी थांबली. दारं उघडली, बंद झाली. प्राचार्य खिडकीकडे धावले, परत वळले. टेम्पोवाल्याला फोन लावला, तो उचलेना. शेवटी त्यांनी हात जोडले.

"मॅडम, लॅबमध्ये नुसती टेबलं आहेत हो. सकाळी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलंत, त्यांना तेवढं सांगा."

बाईंनी पर्स खांद्याला लावली. दाराशी क्षणभर थांबल्या.

"समितीला दिसतं तेच खरं, सर."