तळ्याचा ठराव

ग्रामसभेच्या ठरावांचं प्रोसिडिंग बुक पेणला गेलंय, असं ग्रामसेवकानं सांगितलं तेव्हा हौसा पंचायतीच्या पायरीवरच बसली. मागच्या खेपेला ते सरपंचांकडं होतं. त्याच्या आधी कपाटाची चावी मिळत नव्हती.

तिला एवढंच बघायचं होतं, की गावचं तळं बुजवायचा ठराव केला कुणी. गाव खाडीकाठचं. खणावं तिथं खारं पाणी लागायचं. प्यायचं गोडं पाणी त्या एका तळ्याचं. नळ आले होते, पण नळाला पाणी येईल तेव्हा खरं. आता नव्या जेटीचा रस्ता तळ्यावरून जाणार होता. ग्रामसभेनं एकमतानं ना हरकत दिलीय, असं खुंट्या ठोकायला आलेला ठेकेदाराचा माणूसच सांगून गेला.

ती सभा झाली म्हणे तेव्हा हौसा लेकीच्या बाळंतपणाला रोह्याजवळ वरश्याला होती. परत आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. कान्हू मिठागरावरून येऊन पाय धूत होता.

"सभाच नाय झाली," तो म्हणाला. "दवंडी तरी कुठं ऐकली कुणी?"

शेजारची फरझाना हेच म्हणाली. तिचा नवरा कुवेतला. घरातलं सोडून सभेला जायला मला वेळ कुठला, म्हणाली. आळीतल्या ज्याला त्याला हौसानं विचारलं. जो तो मान हलवायचा आणि कामाला लागायचा.

लेकीचे सासरे पुंडलिक रोह्याला पोस्टात होते, आता निवृत्त. त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला, वर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट डकवलं आणि म्हणाले की आता महिन्याच्या आत कागद द्यावेच लागतील, विहीणबाई. महिना गेला, कागद आले नाहीत. मग त्यांनी अपील लिहिलं. पेणच्या पंचायत समितीत तारीख लागली. त्या दिवशी साहेब मीटिंगला. पुढच्या तारखेला ग्रामसेवक रजेवर.

प्रत्येक खेपेला कान्हू तिच्याबरोबर एसटीनं यायचा. त्यासाठी मिठागरावरची मजुरी बुडवायचा. पण आत यायचा नाही, समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचा. साहेबांपुढं मला बोलता येत नाय, म्हणायचा. हौसाला तेवढीही सोबत पुष्कळ वाटायची. मुलगा शिवा घरीच बसून होता, त्याला कामाचं बघतो असं ठेकेदार म्हणाला होता. पण ठेकेदार काय, सगळ्यांनाच म्हणतो.

शेवटी एका तारखेला साहेबांनी ग्रामसेवकाला झापलं आणि बुक तिथंच टेबलावर उघडायला लावलं. हौसा चौथी शिकलेली. ती बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली. ठराव होता, एकमतानं मंजूर. खाली सह्याच सह्या. फरझानाची होती. निम्म्या गावाची होती. बोट कान्हूच्या नावावर येऊन थांबलं.

तिनं त्याला टपरीवरून आत बोलावलं. कान्हूनं त्या सहीकडं बराच वेळ बघितलं.

"माझी नाय ही," तो म्हणाला.

गावात जाऊन तिनं घरोघर विचारलं. फरझाना म्हणाली, माझी नाय. कुणीच म्हणालं नाही की सही माझी आहे. पुंडलिकांनी लगेच तक्रार लिहिली, की सभा झालीच नाही, सगळ्या सह्या खोट्या आहेत.

तक्रारीची चौकशी चालू असतानाच मातीचे डंपर आले. हौसा तळ्याच्या काठावर उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि नीट शब्दांत तिला सांगितलं की मावशी, मला सांगून उपयोग नाय, साहेबाकडं जा. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन त्यानं माती ओतली. पायरीपाशी पाणी गढूळ झालं. आळीतली दारं उघडी होती, पण कुणी बाहेर आलं नाही. हौसा संध्याकाळपर्यंत तिथं एकटीच उभी होती. हातात अपिलाचा निकाल होता, शिक्का मारलेला, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"घाबरत्यात बिचारी," तिनं फोनवर पुंडलिकांना सांगितलं.

पावसाळा संपता संपता तक्रारीवर आदेश आला. सभा पुन्हा घ्या, तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर घ्या, कॅमेरा लावा. तोवर काम बंद. त्या रात्री हौसा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

सभेला शाळेचं पटांगण भरून गेलं. बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. सरपंच म्हणाले की गावात वैर नको, चिठ्ठ्या टाकून मत घेऊ. हौसा उठून टेबलापाशी गेली.

"चिठ्ठ्या नकोत, साहेब," ती म्हणाली. "आजवर सगळं झाकूनच झालं. आता हात वर करू दे, सगळ्यांच्या देखत. कॅमेऱ्यात दिसू दे."

अधिकारी हो म्हणाले. मग तिनं तळ्याबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात तेव्हा कोण कोण कुठं भांडी घेऊन येतं, ते नावं घेऊन सांगितलं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, तळ्याची जागा रस्त्याला द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.

सरपंचांचा हात वर गेला. दोन सदस्यांचे गेले. बाकी पटांगण तसंच. हौसानं ते तीन हात बघितले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकारी अजून होकाराचेच हात मोजत होते. पदरानं डोळे पुसून, आता तरी कान्हूची नजर भेटावी म्हणून तिनं बाप्यांकडं बघितलं.

कान्हू खाली मान घालून बसला होता, त्याचा हात वर होता, आणि त्याच्यामागं सगळ्या गावाचे.