तेव्हा काय?

‘इंग्रजी वाक्य म्हणजे काय, लाकूडच! सांधा दिसला की झालं.’ सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. ‘मी घरात असताना तू नापास? शक्यच नाही.’

बायको नर्स. हेड नर्सच्या परीक्षेत दोनदा आपटली होती, दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर: वाक्यातला आपल्या पायावर उभा राहणारा तुकडा, म्हणजे इंडिपेंडंट क्लॉज, ओळखा. आज शेवटची संधी.

पुस्तकात वाक्य होतं, ‘व्हेन द डॉक्टर कम्स, द नर्स स्टँड्स अप.’ सुतारानं डॉक्टरखाली जाड रेघ ओढली.

‘डॉक्टर स्वतंत्र. नर्स बिचारी त्याच्या जिवावर. सरळ आहे.’

‘अहो, मागे उत्तर उलटं दिलंय.’

‘छापणाऱ्याची चूक.’

मटार सोलणाऱ्या सासूबाई वैतागल्या. ‘काय ते मराठीत बोला की मेल्यांनो!’

‘डॉक्टर येतो तेव्हा...’ एवढं म्हणून नर्स डोळे पुसायला थांबली.

‘तेव्हा काय?’

नर्सनं पदरात नाक शिंकरलं. सासूबाईंनी मटार खाली ठेवले.

‘अगं, तेव्हा काय? पुढे बोल की! जीव टांगून ठेवलास माझा.’

‘नर्स उभी राहते.’

‘राहू दे. कामच आहे तिचं.’ सासूबाई पुन्हा मटाराकडे वळल्या.

नर्स ताडकन उठली. ‘आई, सापडलं! जिथे तुम्ही “तेव्हा काय” विचारता, तो तुकडा लटकलेला. जिथे गप्प बसता, तो स्वतंत्र!’

‘आई गप्प बसते तो?’ सुतार पुटपुटला. ‘मग जगात स्वतंत्र काही नाहीच.’

दुपारी ती आली ती नाचतच. निकाल तिथल्या तिथेच लागला होता. पास! त्या प्रश्नात तर पैकीच्या पैकी. पेपरभर मोठ्यानं ‘तेव्हा काय?’ विचारल्याबद्दल तिला वर्गातून काढायचंच बाकी होतं, पण एकही तुकडा चुकला नाही. सासूबाईंनी तिची पापी घेतली आणि मटाराची टोपली लाथाडली.

‘शेवटी शिकवलं कोणी?’ सुतारानं कॉलर ताठ केली. ‘दारावर पाटी पाहिजे. हेड नर्स येते तेव्हा सगळे उभे राहतात. इंग्रजीत!’

त्यानं ठेवणीतली सागाची फळी काढली. अक्षरं टपोरी कोरली, अगदी जीव ओतून. संध्याकाळी पाटी दारावर चढली, बघायला सगळी गल्ली जमली.

‘व्हेन द हेड नर्स कम्स.’

पुढे फळी संपली होती.