अठराव्या रांगेतल्या चार जागा

“इथून खेळाडूंच्या पाठीच दिसतील. चल पुढे,” हॉलिस म्हणाला आणि उठायला त्याने लेकीचा खांदा धरला.

जूनचं ऊन होतं. ॲल्युमिनियमचा बाक तापून निघाला होता. रोझॅनने त्यावरचा टॉवेल उचलला, दोन पायऱ्या वर जाऊन पुढच्या मोकळ्या जागेवर अंथरला आणि खाली येऊन वडिलांना हात दिला.

मोकळ्या जागांना लाल फिती बांधल्या होत्या. वर्षातून हा एकच दिवस असा, की मोसमाची तिकिटं असलेल्यांना कॉलेजच्या फुटबॉल मैदानात नंबराने सोडत. फिरायचं, बसून बघायचं, आवडेल ती जागा मागायची. ज्याची तिकिटाची वर्षं जास्त, त्याचा नंबर आधी. हॉलिसची एकेचाळीस झाली होती. सकाळी त्याचं नाव पुकारलं, तेव्हा त्याने मागे ताटकळलेल्या लोकांकडे वळून टोपी उचलली होती.

“गुडघा दुखतोय का, डॅडी?”

“गुडघा कसला. मजा घेतोय.”

त्याच्या चार जागा बावन्नाव्या रांगेत होत्या. रोझॅनची आई गेल्यापासून अकरा मोसम त्यातल्या दोनवर हॉलिस आणि रोझॅन बसत. उरलेल्या दोन तो चर्चमधल्या कुणाला तरी देऊन टाकी. रोझॅन त्याला उकडलेल्या शेंगा सोलून द्यायची. तो पंचांच्या सात पिढ्या उद्धरायचा आणि मधेच तिला सांगायचा, हे बघ, आता तो डावीकडे पळणार. आठवडाभर तो घरात ‘मीठ कुठाय’ यापलीकडे काही बोलत नसे. शनिवारी मॅचला बोलायचा. रोझॅन त्या शनिवारांवर वर्ष काढायची.

आता डॉक्टरांनी बावन्न रांगा चढायला मनाई केली होती. खालच्या जागा मिळाल्या नाहीत तर शनिवार संपले, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तिने रजा टाकली होती.

अठराव्या रांगेत हॉलिस बसला आणि उठेचना. त्याने टोपी मागे सारली, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“हीच. चार सलग आहेत बघ. कडेला ट्रॅव्हिस, त्याचे पाय लांब. मग त्याची बायको, मग पोरगा आणि पोराशेजारी मी.”

भावाचं नाव आलं तेव्हा रोझॅन टॉवेलचं टोक सरळ करत होती. “ट्रॅव्हिस येतोय?”

“ऑगस्टमध्ये कायमचाच येतोय ना इकडे. तुला बोललो नाही? बोललो असेन. नातू नऊ वर्षांचा झाला आणि अजून एक मॅच नाही पाहिली त्याने. कसला आजोबा मी.”

“आणि मी, डॅडी?”

“तुला कुठं आवडतं हे, रोझी. माझ्यासाठी यायचीस आपली. सुटलीस आता.” तो हसला. “शिवाय गाडी कुणीतरी आणायलाच हवी. बस गाडीत, रेडिओ लाव. रेडिओवर उलट जास्त कळतं.”

“पाचवी जागा मिळते का विचारू?”

“चारच आहेत सलग. मला आणि पोराला काय वेगवेगळं बसवतेस?”

“नाही,” रोझॅन म्हणाली. “चारच बऱ्या.”

मग तिने नीट बघितलं. चारही जागांवर एकेकदा बसली. पोराच्या जागेवर पाठीत वाकून, नऊ वर्षांच्या मुलाएवढी होऊन समोर पाहिलं. पुढच्या रांगेत कुणी उंच माणूस आला तरी दिसेल, म्हणाली. ट्रॅव्हिसच्या जागेवर तिने पाय लांब करून पाहिले.

“गुणाची आहेस,” हॉलिस म्हणाला. “आकडे लिहून घे. घोळ नको.”

तिने आकडे लिहून घेतले.

उतरायला वेळ लागला. खाली सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे तिने त्याला बसवलं, गोड गार चहा आणून दिला. वीसेक पावलांवर कॉलेजची एक विद्यार्थिनी टेबल घेऊन बसली होती. टेबलावर अर्जांचे गठ्ठे होते. रोझॅनने एक अर्ज घेतला, उभ्याउभ्या भरला आणि फळीला लावून वडिलांकडे आणला.

“चष्मा गाडीत राहिला,” हॉलिस म्हणाला. “काय काय लिहिलंयस?”

“तुमचं नाव, पत्ता, जागांचे आकडे, वर्षं.”

“वर्षं एकेचाळीस लिहिलीस ना?”

“एकेचाळीस.”

तिने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. लांबलचक, सावकाश, आडनावासकट. टेबलाशी बसलेल्या मुलीकडे बघून हातही हलवला. तिनेही हलवला.

“ट्रॅव्हिसला लावून दे बरं फोन.”

रोझॅनने फोन लावून त्याच्या हातात दिला आणि अर्ज घेऊन टेबलाकडे गेली. मागून त्याचा आवाज येत होता. “अठरावी रांग, लेका! तुझ्या म्हाताऱ्याला काय समजलास? पोराला सांग, आजोबांनी स्वतः चढून बघितल्यात.”

मुलीने अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

“हा जागा सोडायचा अर्ज आहे. बावन्नाव्या रांगेतल्या चारही?”

“चारही.”

“एकदा शिक्का बसला की वर्षंही जातात, मॅडम. पुन्हा हव्या झाल्या तर सगळ्यांच्या मागे, पहिल्यापासून. पंधरा-सोळा वर्षं तरी नंबर लागत नाही. त्यांना माहितीय ना?”

“त्यांचं सगळं तेच ठरवतात.”

मुलीने सावलीकडे पाहिलं. हॉलिस एका हाताने हवेत काहीतरी दाखवत फोनवर हसत होता.

“पण मघाशी तर ते वर जागा बघत होते.”

“निरोप घेत होते,” रोझॅन म्हणाली.

मुलीचे डोळे भरून आले. तिने शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.