सातूच्या गोळ्यांचा गुण

"वैद्यबुवा, तुमच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांना परवाना मिळणार नाही!" डॉक्टर नाडकर्णीबाईंनी चाचणीचा अहवाल आपटला. "वीस जणांना औषध दिलं, वीस जणांना न सांगता सातूच्या पिठाच्या गोळ्या. चाळीसच्या चाळीस बरे! मग फरक काय?"

गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीतले वैद्य जाम्पा ओशाळले. "चूक माझीच. गोळ्यांवर मंत्र म्हणायची आमची रीत. पिठाच्या गोळ्या बिचाऱ्या शेजारीच होत्या, त्यांच्यावरही म्हटला."

खोटं वाटेल, पण पीठ खाल्लेल्या एक सत्तरीच्या आजी अंगणातल्या चिंचेच्या शेंड्यावर बसून चिंचा पाडत होत्या. बाईंनी खिडकीतून पाहिलं, स्वतःचा गुडघा चोळला आणि फेरचाचणीच्या यादीत पहिलं नाव स्वतःचंच लिहिलं.

"या वेळी मंत्र फक्त औषधावरच ना?" वैद्यांनी विचारलं.

"दोन्हींवर म्हणा हो! माझ्या वाट्याला पीठ आलं तर?"